फुगे झाकून वाचा: मुलांच्या वाचनालयासाठी ग्राफिक नॉव्हेल निवडताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलांच्या वाचनालयात ग्राफिक नॉव्हेलचं, म्हणजे चौकटींतल्या चित्रांतून गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकांचं, एक कपाट सुरू करायचंय. पहिल्या खेपेला साठेक पुस्तकं घेता येतील, वाचक सहा ते पंधरा वयाचे. याद्या पुष्कळ मिळतात, पण एकीचा मेळ दुसरीशी बसत नाही. वयोगट कसा ठरवायचा ते कळत नाही, मंगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, घ्यावी की नाही यावर एकमत नाही, आणि निवड समितीतले एक ज्येष्ठ सदस्य विचारतात, "चित्रं बघण्याला वाचन म्हणायचं का?"

मी बालविभागात बावीस वर्षं काढली. त्यातली पहिली पाच-सहा वर्षं ही पुस्तकं मी इतर पुस्तकांसारखीच निवडली. मलपृष्ठावरचा मजकूर वाचायचा, मधली दोन-चार पानं चाळायची, लेखकाचं नाव ओळखीचं आहे का बघायचं आणि यादीत खूण करायची. एकदा असंच मुखपृष्ठावरचे गोलगोल चेहऱ्याचे प्राणी पाहून एक पुस्तक सात-आठ वर्षांच्या मुलांच्या कपाटात ठेवलं. तीन दिवसांनी एका मुलीची आई ते परत घेऊन आली. भांडली वगैरे नाही. एक पान उघडलं, माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि गप्प उभी राहिली. त्या पानावर एकही शब्द नव्हता. चाळताना मी ते पान सरकन उलटलं होतं, कारण तिथे वाचण्यासारखं काही नाही असं मला वाटलं होतं.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. पुस्तक दोनदा वाचायचं, आणि पहिल्या वेळी फुगे झाकायचे. फुगे म्हणजे पात्रांचे संवाद असतात ते. सरावाने नजरच त्यांना वगळायला शिकते, पण सुरुवातीला मी जुन्या तारीखचिठ्ठ्यांचे तुकडे कापून घेऊन बसायचे. पहिली पंधरा-वीस पानं अशी बघा. कोण कोण आहे ते ओळखू येतं का? पात्राने कपडे बदलले, पाठ फिरवली, ते लांब उभं राहिलं, तरी ते तेच आहे हे कळतं का? जागा कोणती, वेळ कोणती? कोण घाबरलंय, कोण घाबरल्याचं सोंग करतंय? आणि मुख्य म्हणजे, एका चौकटीवरून पुढच्या चौकटीकडे नजर आपसूक जाते की पानावर भटकत राहते?

दुसऱ्या वेळी उलटं करा. नुसते फुगे आणि चौकटीच्या वरच्या, निवेदनाच्या पट्ट्या वाचा, चित्रांकडे बघू नका. सगळी गोष्ट शब्दांतच कळली, तर चित्रकाराला त्या पुस्तकात काही काम दिलेलंच नाही. घाईघाईत केलेल्या अभिजात कादंबऱ्यांच्या रूपांतरांमध्ये हे हमखास दिसतं. चौकटीत राजा लालबुंद होऊन उभा असतो, वरच्या पट्टीत लिहिलेलं असतं 'राजाला संताप अनावर झाला', आणि फुग्यात राजा म्हणत असतो, 'मला संताप अनावर झाला आहे.' अशी पुस्तकं समितीला फार आवडतात, कारण मूळ ग्रंथाचं नाव भारदस्त असतं. मुलं मात्र ती एकदा नेतात आणि दुसऱ्याच दिवशी परत आणून ठेवतात.

याच्या उलट उदाहरण द्यायचं तर सेसे बेल यांचं २०१४ सालचं 'एल डेफो' घ्या. लहानपणी ऐकू येईनासं झालेल्या मुलीची ही आत्मकथा आहे. त्यातली सगळी पात्रं ससे आहेत, म्हणजे कान लांबलचक आणि नेमकं ऐकूच येत नाही. श्रवणयंत्राची बॅटरी उतरत जाते तशी फुग्यातली अक्षरं फिकट होत जातात, आणि काहीच ऐकू येत नाही तिथे फुगा कोरा असतो. समोरचा माणूस बोलतोय हे दिसतं, पण काय बोलतोय ते वाचकालाही मिळत नाही. हे गद्यात सांगायला गेलं तर दोन परिच्छेद लागतील आणि तरी तो कोरा फुगा जे करतो ते साधणार नाही. निवडताना मी हेच शोधते: इथे असं काही आहे का, जे चित्राशिवाय सांगताच आलं नसतं?

आता तुमच्या ज्येष्ठ सदस्यांविषयी. त्यांना आकडे हवे असतील तर एक जुनी मोजणी आहे. हेज आणि आरेन्स या अभ्यासकांनी १९८८ मध्ये इंग्रजी मजकुरांतले कमी वापरातले शब्द मोजले. दर हजार शब्दांमागे असे शब्द मुलांच्या पुस्तकांत ३०.९ निघाले, मोठ्यांच्या पुस्तकांत ५२.७ आणि कॉमिक्समध्ये ५३.५. आकडे इंग्रजीचे आहेत आणि त्या काळातल्या कॉमिक्सचे आहेत, तेव्हा ते जसेच्या तसे मराठीला चिकटवू नका. पण 'कॉमिक्स म्हणजे सोपी भाषा' हे गृहीतक तपासून बघण्याइतकं बळ त्यांत आहे.

कॉमिक्सने मुलं बिघडतात ही भीतीसुद्धा नवी नाही. फ्रेड्रिक वर्थम या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९५४ मध्ये कॉमिक्सविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी तिथल्या सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. पुढे वर्थम यांची कागदपत्रं अभ्यासकांसाठी खुली झाली, तेव्हा कॅरल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापिकेने ती तपासली. मुलांची म्हणून दिलेली विधानं वर्थम यांनी बदललेली, जोडलेली, सोयीची करून घेतलेली आहेत हे तिने २०१२ मध्ये दाखवून दिलं.

हे सगळं समितीत सांगा, पण खरं सांगू का, आकड्यांनी कुणाचं मन वळत नाही. आमच्याकडेही असेच एक सदस्य होते. मी वाद घातला नाही. शॉन टॅन यांचं 'द अरायव्हल' त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, सर, एवढी दहा पानं वाचून गोष्ट सांगा. २००६ सालच्या या पुस्तकात शब्दच नाहीत. घर सोडून अनोळखी देशात गेलेल्या माणसाची गोष्ट आहे. पहिली दोन पानं त्यांनी झटक्यात उलटली. मग थांबले, मागे गेले. चष्मा काढून पुसला. शेवटी मला विचारतात, "या पाट्यांवर लिहिलंय ती लिपी कुठली?" कुठलीच नाही. ती चित्रकाराने रचलेली आहे, कुणालाच वाचता येऊ नये म्हणून, म्हणजे त्या देशात वाचकही त्या माणसाइतकाच अडाणी ठरतो. दहा पानांना त्यांना वीसेक मिनिटं लागली. बैठकीत त्यांनी नंतरही कुरकुर केली, पण 'हे वाचन नव्हे' हे वाक्य पुन्हा काढलं नाही.

एक युक्तिवाद मात्र तुम्ही करू नका, जरी तो चटकन पटणारा असला तरी: 'आधी ही वाचतील, मग खऱ्या पुस्तकांकडे वळतील.' असं म्हटलं की ही खोटी पुस्तकं आहेत हे तुम्हीच कबूल केलंत. आणि मग तेराव्या वर्षीही ग्राफिक नॉव्हेल नेणारा मुलगा नापास ठरतो. काही मुलं कादंबऱ्यांकडे जातात, काही दोन्ही नेतात, काही इथेच रमतात. बाकीच्या कपाटांबाबत आपण कुणाला हा हिशेब विचारत नाही.

वयोगटाकडे येऊ, कारण खरी गोची इथे आहे. 'रक्त वाहत होतं' हे वाक्य आठ वर्षांचं मूल वाचतं, तेव्हा ते स्वतःला झेपेल एवढंच रक्त मनात रंगवतं. चित्रात किती रक्त ते चित्रकाराने ठरवलेलं असतं, आणि पान उलटताक्षणी ते समोर येतं. डोळे मिटायला अवधी मिळत नाही. म्हणून शब्दांच्या अवघडपणावरून या पुस्तकाचं वय ठरवता येत नाही. तीन गोष्टी वेगवेगळ्या बघाव्या लागतात. शब्द किती अवघड, चित्र किती तीव्र, आणि विषय किती जड. या तिन्ही एकमेकींबरोबर चालत नाहीत, इथेच याद्यांचा गोंधळ होतो. एक यादी शब्दांवरून वय लावते, दुसरी विषयावरून, आणि मग एकच पुस्तक इथे आठ वर्षांपुढे आणि तिथे बारा वर्षांपुढे दिसतं.

रेमंड ब्रिग्ज यांचं 'द स्नोमॅन' १९७८ चं. शब्द नाहीत, चित्रं मऊ, चार वर्षांच्या मुलालाही चालेल. त्याच चित्रकाराचं १९८२ चं 'व्हेन द विंड ब्लोज' वरवर तितकंच मायाळू दिसतं, गोल चेहऱ्यांचं एक म्हातारं जोडपं, पण त्यात ती दोघं अणुहल्ल्यानंतर किरणोत्साराने हळूहळू खंगत जातात. नाव ओळखीचं म्हणून एकाच खणात दोन्ही ठेवलीत तर काय होईल ते सांगायला नको. 'द अरायव्हल'मध्ये शब्द नाहीत म्हणून ते लहानांचं होत नाही. दहा-अकराच्या आधी त्यातला एकटेपणा मुलांपर्यंत पोचत नाही असा माझा अनुभव आहे. आणि आर्ट स्पीगलमन यांच्या 'माउस'मध्ये उंदीर आणि मांजरं आहेत, पण तो नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या त्यांच्या बापाचा इतिहास आहे. १९९२ मध्ये त्याला अमेरिकेतलं विशेष पुलित्झर पारितोषिक मिळालं. ते मोठ्या मुलांच्या खणात, तेसुद्धा वरच्या टोकाला.

वाचायला सोपं की अवघड हेही शब्दांपेक्षा पानाच्या मांडणीवर जास्त ठरतं. आमच्याकडे साताठ वर्षांचा एक मुलगा चौकटींवर बोट ठेवून वाचायचा. एका पानावर डावीकडे एक उभी उंच चौकट होती आणि तिच्या उजवीकडे एकाखाली एक अशा दोन लहान. उंच चौकटीच्या तळाशी एक माणूस काहीतरी विचारत होता. पोराचं बोट उंच चौकटीच्या वरच्या भागावरून थेट उजवीकडे गेलं, दोन्ही लहान चौकटी संपवून खाली आलं आणि मग प्रश्नावर पोचलं. "हा वेडा आहे का? विचारायच्या आधीच उत्तर देतोय." वेडा तो माणूस नव्हता आणि पोरगाही नव्हता. पानच त्याच्या वयाचं नव्हतं. सहा-सातच्या मुलांसाठी पानावर दोन ते चार चौकटी, सरळ रांगा, एका चौकटीत एक-दोन फुगे, एवढं पुरे. फ्रांस्वाज मुली यांनी २००८ मध्ये सुरू केलेली टून बुक्स ही मालिका नेमकी या वाचकांसाठी आहे आणि वाचनाच्या पायऱ्यांनुसार विभागलेली आहे. पान कसं रचायचं याचा नमुना म्हणूनही ती पुस्तकं बघून ठेवावीत. तिरक्या चौकटी, चौकटीत चौकट, मागच्या काळात मारलेली उडी, ही गंमत नऊ-दहानंतरची.

चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीबद्दल एक सांगायलाच हवं. कॉमिक्स-चित्रकार स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात, जे स्वतःही कॉमिकच आहे, हे फार नीट उलगडून दाखवलंय. एका चौकटीत हात उगारलेला, पुढच्यात फुटलेली खिडकी. दगड कुणी मारला हे दोन्हींत नाही, ते वाचक त्या पट्टीत भरतो. म्हणून हिंसा तपासताना चौकटीत काय आहे आणि पट्टीत काय आहे हे वेगळं बघा. घाव पट्टीत बसला असेल तर मूल पुन्हा आपल्याला झेपेल तेवढंच रंगवतं. घाव चौकटीतच असेल तर वय वर सरकतं. माझा हा ढोबळ नियम फारसा फसलेला नाही.

अनुवादित पुस्तकं घेणार असाल तर आणखी एक चाळणी लागते, आणि ती परदेशी याद्यांत कुठेच सापडणार नाही. फुग्याचा आकार मूळ भाषेला मापून काढलेला असतो. देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार लागतात, म्हणजे दोन ओळींत जास्त अंतर हवं. तेवढ्याच फुग्यात मजकूर बसवायचा तर अक्षर बारीक करावं लागतं. जपानी फुगे तर उभ्या लिखाणासाठी काढलेले, उंच आणि अरुंद. त्यात 'स्वातंत्र्य' सारखा शब्द आला की तो दोन तुकडे होऊन खाली घरंगळतो. म्हणून सर्वांत मोठा फुगा शोधा आणि तो हातभर अंतरावरून वाचता येतो का बघा.

मग एक पान मोठ्याने वाचा. इंग्रजी कॉमिक्स जोर द्यायला शब्द ठळक छापतात. आपण जोर 'च'ने देतो, 'ना'ने देतो, शब्दांची जागा बदलून देतो: 'मी जाणार', 'मीच जाणार', 'जाणारच मी'. ज्या अनुवादकाने वाक्य तसंच ठेवून नुसता शब्द ठळक केलाय, त्याने ते तोंडाने म्हणून पाहिलेलं नाही. आवाजही तपासा. धप्प, खळ्ळकन, सूंsss, टपटप, सळसळ, चर्रर्र. आपल्या भाषेत या मालाला तोटा नाही, आणि तरी पुस्तकात 'क्रॅश' आणि 'थड' छापलेलं असतं. काही वेळा मूळ आवाज चित्रातच रंगवलेला असतो आणि तो बदलणं खर्चिक पडतं, ते समजू शकते. पण निवेदनाच्या पट्टीतला मजकूर मराठी आणि दार मात्र 'स्लॅम' करून आपटतंय हे मुलांना लगेच खटकतं. दहा वर्षांच्या एका मुलीने पेन्सिलने तिथे 'धाडकन' लिहून पुस्तक परत केलं होतं. दंड लावायला हवा होता. लावला नाही.

मंगा घ्या. उजवीकडून डावीकडे वाचायची असते म्हणून मोठी माणसं दचकतात, मुलांना दहा मिनिटं लागतात. पूर्वी परदेशी आवृत्त्यांत चित्रं आरशासारखी उलटी छापायचे. मग सगळी पात्रं डावखुरी व्हायची आणि काळीज उजवीकडे यायचं. आता बहुतेक प्रकाशक मूळ दिशाच ठेवतात. काळजी दोन गोष्टींची घ्यायची. एक, 'शोनेन' म्हणजे मुलग्यांसाठी हे खरं, पण त्यात कुमारवयीन मुलगे अभिप्रेत आहेत. आठ वर्षांच्या मुलासाठी ती खूण नव्हे. 'सेनेन' तर प्रौढ पुरुषांसाठी. प्रकाशक मागच्या बाजूला वयाची खूण छापतात ती सुरुवात म्हणून धरा, पण मालिका पुढे जाते तशी गडद होत जाते, तेव्हा पहिल्या भागाबरोबर शेवटचाही चाळा.

दुसरी काळजी लांबीची. 'नारुतो'चे ७२ भाग आहेत, 'फुलमेटल अल्केमिस्ट'चे २७. 'वन पीस'चा शंभरावा भाग २०२१ मध्ये आला आणि मालिका त्यानंतरही चालूच राहिली. साठ पुस्तकांच्या कपाटात हे कसं मावणार? मी एकदा हौसेने एका मालिकेचे पहिले पाच भाग घेतले. सहाव्याच्या छापील प्रती संपल्या होत्या, विक्रेता 'पुढच्या महिन्यात' म्हणत राहिला. एक मुलगा जवळपास वर्षभर दर शनिवारी येऊन काउंटरवर हनुवटी टेकवायचा आणि नुसतं "सहा?" एवढंच विचारायचा. वर्ष संपता संपता तो यायचा बंद झाला. तेव्हापासून माझा कल पूर्ण झालेल्या, आटोपशीर मालिकांकडे. 'अ सायलेंट व्हॉइस' सात भागांत संपते. ऐकू न येणाऱ्या मुलीचा छळ करणाऱ्या आणि पुढे ते ओझं वाहणाऱ्या मुलाची ती गोष्ट आहे. तिच्यात आत्महत्येचा विचारही येतो, म्हणून तेरा-चौदापुढे, पण सातही भाग एकदम घ्या. आणि कुठल्याही मालिकेच्या पहिल्या भागाच्या दोन प्रती घ्याव्यात. पहिला भाग बाहेर असला की बाकीचे सगळे नुसते धूळ खातात.

पुरस्कारांवर किती विसंबायचं? थोडं. अमेरिकेतलं बालसाहित्याचं २०२० चं न्यूबेरी पदक जेरी क्राफ्ट यांच्या 'न्यू किड'ला मिळालं. हे पदक मिळालेली ती पहिली ग्राफिक नॉव्हेल. त्याच्या अगोदर २००७ मध्ये जीन लुएन यांग यांच्या 'अमेरिकन बॉर्न चायनीज'ने तिथलाच कुमारसाहित्याचा प्रिंट्झ पुरस्कार मिळवला होता. समितीसमोर ठेवायला ही नावं कामाची आहेत. पण पुरस्कार मोठी माणसं देतात, आणि मोठ्यांना गंभीर आठवणींची पुस्तकं जास्त भावतात. नुसत्या पुरस्कारांवरून साठ पुस्तकं घेतलीत तर कपाटात एकही खळखळून हसवणारं पुस्तक नसेल. मुलांनाही विचारा, मात्र एक लक्षात ठेवून: जे पाहिलंय तेच मागता येतं. शब्दांविना पुस्तक मला कुणी कधी मागितलेलं नाही, आणि ठेवलं तेव्हा ते कधी कपाटात पडून राहिलेलं नाही.

जुन्या पुस्तकांबद्दल थोडक्यात. टिनटिन या बेल्जियन कॉमिक-नायकाचं काँगोमधलं साहस १९३१ मध्ये पुस्तकरूपात आलं, १९४६ मध्ये त्याचे चित्रकार एर्जे यांनी ते बदलून पुन्हा काढलं, तरी आफ्रिकी माणसांची त्यातली चित्रं आज लहान मुलाच्या हातात एकटी द्यावीत अशी नाहीत. मी ते मोठ्यांच्या विभागात ठेवते, अभ्यासाला. टिनटिनच्या बाकीच्या पुस्तकांना त्याची शिक्षा नको.

आता बांधणी. हा भाग निवडीत कुणी धरत नाही आणि पहिल्या सहा महिन्यांत सगळे रडतात. ही पुस्तकं इतर पुस्तकांपेक्षा कितीतरी जास्त फिरतात, एका वेळी दोन-तीन डोकी त्यावर वाकलेली असतात. नुसत्या डिंकाने चिकटवलेला कणा लवकर तडकतो. प्रत हातात आली की मधोमध उघडून टेबलावर ठेवा. सपाट पडली आणि आतल्या बाजूचे फुगे पूर्ण दिसले तर ठीक. दोन पानांवर पसरलेलं चित्र मधल्या घडीत गिळलं जात असेल तर सर्वांत महत्त्वाचा चेहरा नेमका तिथेच असतो, हे माझं नशीब असेल किंवा छापखान्यांचा नियम. शिवलेली बांधणी मिळत असेल तर तीच घ्या. आणि पुस्तक सुटलं म्हणून ते बाइंडरकडे देऊन बाजूने टाके घालून आणू नका. कादंबरीत तेवढी समास-जागा असते, इथे टाका फुग्यातून जातो. अशी दुरुस्त करून आणलेली अकरा पुस्तकं मला बाद करावी लागली.

शिक्क्याचंही बघा. ठरावीक पानावर शिक्का मारायची आपली पद्धत असते, पण त्या पानावर काय आहे ते बघून मारा. आमच्याकडच्या एका रहस्यकथेत मुखवटा उतरतो त्याच चौकटीत, गुन्हेगाराच्या तोंडावर, गोल जांभळा शिक्का बसला होता. पोरं शेवटपर्यंत भांडत राहिली, गुन्हेगार कोण. तारीखचिठ्ठी चिकटवायच्या आधी आतलं अस्तरपानही पाहा. अनेकदा नकाशा तिथेच असतो, किंवा गोष्टच तिथून सुरू होते.

मांडणीचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण येणारच. ड्युईच्या ग्रंथवर्गीकरण पद्धतीत कॉमिक्स ७४१.५ मध्ये जातात, आणि मग सहा वर्षांच्या मुलाचं पुस्तक, चौदाच्या मुलीचं पुस्तक आणि कार्टून कसं काढावं याचं पाठ्यपुस्तक मांडीला मांडी लावून बसतात. वर्गांक नोंदीत ठेवा, पण कपाट वेगळं करा आणि त्यात तीन वयोखण. कण्यावर मालिकेचा क्रमांक ठळक लावा. वाचकाचा वेळ वाचवा हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या १९३१ च्या पाच सूत्रांपैकी चौथा नियम, आणि सात नंबरच्या भागानंतर आठ शोधणाऱ्या मुलाइतका घाईतला वाचक दुसरा नसेल. शक्य तितकी मुखपृष्ठं समोर येतील अशी ठेवा. नोंद करताना चित्रकाराचं नाव लेखकाइतकंच घ्या. मुलं बहुधा 'अशाच चित्रांचं दुसरं' मागतात, आणि नोंदीत फक्त लेखक असेल तर ते तुम्हाला शोधता येणार नाही.

तक्रार येईल. ती जवळजवळ नेहमी एका चौकटीची असते, पुस्तकाची नसते. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत टेनेसीतल्या मॅकमिन काउंटीच्या शाळा मंडळाने 'माउस' आठवीच्या अभ्यासक्रमातून काढलं, तेव्हा कारणं दिली गेली ती काही शिव्या आणि एका छोट्या चौकटीतलं नग्न चित्र अशी. तुमच्याकडे लेखी निवड-धोरण हवं, पहिलं पुस्तक आणण्याच्या आधी. त्यात वयोखण कसे ठरवले ते लिहा आणि तक्रार आली तर पूर्ण पुस्तक वाचलेली दोन माणसं निर्णय देतील असंही लिहा. पालक आले की मी आधी ऐकून घेते, मग विचारते, "या पानाच्या आधीचं आणि नंतरचं पान आपण मिळून बघूया का?" निम्म्या वेळा पुस्तक आहे तिथेच राहतं, काही वेळा वरच्या खणात जातं. त्या पहिल्या आईच्या बाबतीत ती बरोबर होती आणि मी चूक होते, हेही धोरणाइतकंच लक्षात ठेवावं लागतं.

शेवटी खरेदी. साठच्या साठ एकदम घेऊ नका. आधी चाळीस घ्या, त्यात लहानांसाठी थोडी जास्त, कारण त्यांची पुस्तकं लवकर फाटतात. तीन महिन्यांनी कपाटाजवळ बसून एकेक प्रत हातात घ्या. कुठल्या पानांचे कोपरे मळलेत, कुठे तेलकट बोटांचे ठसे आहेत, कुठल्या पुस्तकाचा कणा मधल्याच एका पानावर मोडलाय, ते बघा. पार खिळखिळी झालेल्यांच्या दुसऱ्या प्रती आधी मागवा. कोरी राहिलेली खालच्या फळीवरून वर काढून महिनाभर समोर ठेवून पाहा. त्यानंतर विक्रेत्याला फोन करा, आणि यादी सांगताना प्रत्येक मालिकेचा शेवटचा भाग छापलेला मिळतो का, हे आधी विचारा.